‘ब’ची वाक्यं

माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही, त्याने वापरून टाकलेला टॉवेल बघावा, असं घडीची मावशी म्हणायची. आणि या विषयात तिचा अधिकार कुणी नाकारला नसता. सव्वीस वर्षं ती हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत निवडीच्या टेबलाशी उभी होती. सकाळी गाड्या यायच्या, थैल्या रिकाम्या व्हायच्या, आणि सभ्य लोकांनी बंद दाराआड काय काय केलं ते सगळं टेबलावर पसरायचं. बूट पुसलेले टॉवेल. उशीच्या अभ्र्याला चिकटवलेलं च्युइंग गम. चादरीत बांधून ठेवलेली ओकारी, वर नीट गाठ मारलेली, जशी काही भेटच पाठवलीय. एकदा तर अर्धं खाल्लेलं उकडलेलं अंडं निघालं, त्यावर दातांच्या खुणा होत्या. मावशीने ते चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा गं," ती म्हणाली, "हा बाबा आत्ता टाय लावून कुणाला तरी शिस्त शिकवत असेल."

मावशीचं सगळं घर म्हणजे ती स्वतः आणि ही भाची. आई गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती. शाळेला सुटी असली की मावशी तिला लॉन्ड्रीत आणून घड्या घालायच्या कोपऱ्यात बसवायची. डबल बेडची चादर घडी करायला दोन माणसं लागतात. या पोरीने एक टोक हनुवटीखाली दाबून, दुसरं गुडघ्यांत धरून ती एकटीने करून दाखवली, आणि तेव्हापासून तिचं नाव घडी पडलं. खरं नाव विद्यापीठाच्या हजेरीपटावर होतं तेवढंच.

बाकीच्या बायकांची किळस कधीच मेली होती. हातमोजे घातले की त्या लग्नकार्याच्या, सुनांच्या, गुडघेदुखीच्या गप्पा मारत काहीही उचलायच्या. घडीची किळस मात्र काही केल्या मरेना. पहाटे पाच ते अकरा ती टेबलाशी उभी राहायची, मग कोपरापर्यंत हात धुवायची, पुन्हा धुवायची, आणि तरी विद्यापीठात डबा उघडताना बोटांचा वास घेऊन बघायची. दुसरी एखादी म्हणाली असती, जाऊ दे, पोटासाठी करायचं. घडीला मात्र हे सगळं धुतलं गेल्यावर जातं कुठे, हा प्रश्न पडायचा. लॉन्ड्रीच्या मागे एक उघडं गटार होतं. त्यातून राखाडी, कोमट, फेसाळ पाणी वाहायचं आणि भिंतीपलीकडे कुठेतरी नाहीसं व्हायचं. त्या पाण्यात नक्की काय काय आहे ते मोजता येतं, असं तिला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं. तेवढ्यावर तिने रसायनशास्त्र घेतलं. लोक देवाच्या नाहीतर बापाच्या कृपेने शिकतात, ही घाणीच्या कृपेने शिकली.

शेवटच्या वर्षाला गाडी अडली ती एका कागदापाशी. गावाबाहेरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेला विभागातून एक उमेदवार हवा होता आणि विभागप्रमुखांनी घडीचं नाव दिलं होतं. अट एकच. तिथली यंत्रं परदेशातून यायची, ती शिकवायला परदेशी माणसं यायची, म्हणून इंग्रजी संभाषणाची परीक्षा पास झाल्याचा दाखला हवा. शंभरात पन्नास. नाही जमलं, तर लॉन्ड्रीच्या मॅनेजरने निवडीच्या टेबलावरची कायमची जागा महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवली होती. मावशीने त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हणजे एकीकडे स्वच्छ पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या, आणि दुसरीकडे जन्मभर लोकांची उष्टी अंडी. घडी वर्गात पहिल्या पाचांत होती. संभाषण म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं होतं.

संभाषणाचा वर्ग आठवड्यातून दोनदा, तिसऱ्या मजल्यावर. शिकवायला एक बाई होत्या. स्वभावाने चांगल्या, पण चार वर्गांना तेच ते शिकवून त्यांचा आवाज गिरणीसारखा एकसुरी झाला होता. हातात एक पातळ पुस्तिका, रोजच्या आयुष्यातले चोवीस प्रसंग. हॉटेलात जेवायला गेल्यावर, दवाखान्यात, चपला घेताना, केस कापताना, खोली भाड्याने घेताना. प्रत्येक प्रसंगात दोन माणसं, एक ‘अ’ आणि एक ‘ब’. पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरीपट उघडला आणि जाहीर केलं, "विषम नंबर अ, सम नंबर ब. अ ने बसायचं, ब ने उभं राहायचं. म्हणजे मला लांबून पण कळेल कोण कोण आहे ते."

"आणि बाई, अदलाबदल कधी करायची?" कुणीतरी विचारलं.

"अदलाबदल करायची नाही. गोंधळ होतो आणि वेळ जातो. दोन वर्षांत चोवीस प्रसंग संपवायचेत मला."

घडीचा नंबर अठरा.

आता कुणी म्हणेल, अ काय आणि ब काय, सगळी वाक्यंच. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्या शहाण्याने, तो कोण होता देव जाणे, जगाची मोठी सोपी वाटणी करून टाकली होती. जेवणारा अ, वाढणारा ब. चपला घालून बघणारा अ, गुडघ्यावर बसून नाडी बांधणारा ब. दाताच्या दवाखान्यातही अ रुग्ण, पण ब डॉक्टर नव्हे, ब म्हणजे दाराशी नाव लिहून घेणारी मुलगी. डॉक्टर कुठे गेला होता ते पुस्तिकेत नव्हतं. दोघं बरोबरीने बोलतील असा एकच प्रसंग होता, शेजारी शेजारी राहणारी दोन माणसं हवेबद्दल बोलतात तो. तिथेही अ म्हणायचा आज फार उकडतंय, आणि ब म्हणायचा, अगदी बरोबर बोललात. घडीने एका कंटाळवाण्या तासाला ‘सॉरी’ मोजले. ब च्या वाट्याला एक्केचाळीस आले होते, अ च्या वाट्याला एक, तोही ऐकू न आल्याबद्दल.

तिच्यासमोर बसायचा नंबर सतरा. त्याच्या वडिलांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. अंगात कायम परीटघडीचा शर्ट, आणि खुर्चीत असा रेलून बसायचा की वर्गाने पहिल्याच महिन्यात त्याला ‘सरकार’ करून टाकलं. मनाने तसा वाईट नव्हता. कुणाला टाकून बोलायचा नाही, कुणाच्या वाटेला जायचा नाही. पण त्याला आयुष्यात कुणी कधी ‘ऊठ रे’ म्हटलेलं नव्हतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. वर्गात तो भुवई उंचावून म्हणायचा, माझं सूप गार आहे. घडी उभ्याने म्हणायची, सॉरी सर, लगेच बदलते सर. सूप नव्हतं, ताट नव्हतं, समोर बाकावर पेनाने कोरलेला बदाम होता. बाई लांबून मान डोलवायच्या.

मग त्याने सरावाची कल्पना काढली. "नुसतं वर्गात करून काय होणार?" तो म्हणाला. "कॅन्टीनमध्ये खराखुरा सराव करू." खराखुरा सराव म्हणजे तो टेबलाशी बसायचा, बोट वर करायचा आणि इंग्रजीत चहा मागायचा. घडी इंग्रजीत विचारायची साखर किती, आणि खरोखरच काउंटरवर जाऊन रांगेत उभी राहून खरोखरचा चहा घेऊन यायची. चहा पिऊन तो इंग्रजीत म्हणायचा, कप चिकट आहे. तीही इंग्रजीतच माफी मागून कप बदलून आणायची. पहिल्या दिवशी दोघं हसले. दुसऱ्या दिवशी तो एकटाच हसला. महिन्याभराने कुणीच हसत नव्हतं, ती चहा आणत होती आणि तो पीत होता. दोन वर्षं चाललं हे. कपाच्या काठावर त्याच्या ओठांचा ओलसर ठसा उरायचा, आणि तो कप परत नेऊन ठेवताना घडीला सकाळच्या टेबलापेक्षा जास्त शिसारी यायची. तिथे निदान हातमोजे होते.

तिने एकदा धीर करून बाईंना गाठलं. "बाई, मला एखाद्या वेळी अ करू द्या ना."

"अगं वेडे," बाई म्हणाल्या, "अ ला असतात किती वाक्यं? चार. ब ला बारा. बोलायला जास्त कुणाला मिळतं? तुझा तर फायदाच आहे. उगाच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नकोस."

आणि हे खोटं नव्हतं, हीच तर गंमत. घडी वर्गात सगळ्यांत भराभर बोलायची. अडखळणं नाही, आठवणं नाही. फक्त ती इंग्रजीत तोंड उघडायची तेव्हा तिची मान आपोआप थोडी झुकायची आणि हात पोटाशी एकमेकांत अडकायचे. एकदा रस्त्यात एका परदेशी जोडप्याने तिला संग्रहालयाचा पत्ता विचारला. तिने तो इतका सुरेख सांगितला की ती दोघं थक्क झाली. घडी त्यांच्यासोबत चालत गेली, दारापर्यंत पोचवलं. दाराशी त्या बाईने हात पुढे केला, तेव्हा घडीच्या लक्षात आलं की त्या बाईची जड बॅग अर्ध्या मैलापासून आपण उचलून आणतोय. बाईने मागितली नव्हती, घडीनेही विचारलं नव्हतं. घरी येताना तिला स्वतःचाच इतका राग आला की ती वाटेत दोनदा थुंकली.

हे मावशीला सांगायची सोय नव्हती, कारण मावशीला या इंग्रजीचं कोण कौतुक. सकाळी नऊला लॉन्ड्रीत चहाची सुटी व्हायची. निवडीच्या टेबलावरच्या चौघी बायका कपडे वाळवायच्या ड्रमच्या उबेला जाऊन बसायच्या आणि मावशी उलट्या ठेवलेल्या टबवर पायावर पाय टाकून म्हणायची, "चला मॅडम, परीक्षा जवळ आलीय. आम्ही गिऱ्हाईक, तू बोल." मग तिच्या अंगात यायचं. "ए पोरी! ही काय चादर म्हणायची? माझी झोप उडाली की गं! बोलाव तुझ्या साहेबाला!"

"आय ॲम व्हेरी सॉरी, मॅडम," घडी म्हणायची. "इट विल नॉट हॅपन अगेन."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. एकीच्या डोळ्यांत पाणी यायचं. "मला म्हण गं, मला पण म्हण," त्या मागे लागायच्या, आणि घडी पाळीपाळीने प्रत्येकीची माफी मागायची. त्या बायकांची जन्मात कुणी माफी मागितली नव्हती. नवऱ्याने नाही, मॅनेजरने नाही, बसमध्ये पायावर पाय देणाऱ्याने नाही. इंग्रजीत तर विचारायलाच नको. अशा वेळी ‘आता मी गिऱ्हाईक होते, तुम्ही माफी मागा’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. ती पोरगी सकाळी बायकांची माफी मागायची, दुपारी सरकारची.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात जोड्या जोड्यांनी पोरं उभी होती आणि दारातून पहिली जोडी रडवेली होऊन बाहेर आली. दरवर्षी परीक्षा बाईच घ्यायच्या. यंदा विद्यापीठाने बाहेरचा परीक्षक बोलावला होता, आणि बाहेरच्या माणसाला हजेरीपटाचं शास्त्र कुठून ठाऊक असणार? त्याने टेबलावर दोन वाडगे ठेवले होते. एकात प्रसंगांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात अ आणि ब च्या. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घडी आणि सरकार आत गेले. परीक्षक जाडजूड माणूस, सर्दीने बेजार. नाक पुसलेला रुमाल तो प्रत्येक वेळी टेबलावर ठेवायचा, चिठ्ठ्यांच्या वाडग्याला अगदी खेटून. घडीने श्वास रोखून दोन बोटांनी चिठ्ठ्या उचलल्या. प्रसंग निघाला, हॉटेलच्या खोलीबद्दल पाहुण्याची तक्रार. दुसरी चिठ्ठी तिने उघडली आणि तिला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी हाती आलीय. त्यावर ‘अ’ होतं.

परीक्षकाने खूण केली. सरकार सवयीने समोरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसला. घडी सवयीने उभी राहिली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि घडीने सुरुवात केली. अ ची चार वाक्यं तिला पाठ होती, दोन वर्षं ती तिच्याच अंगावर सोडली गेली होती. पण ती चार वाक्यं संपली आणि ती थांबली नाही. पहिल्यांदाच तिला या भाषेत काहीतरी खरं सांगायचं होतं. तिने इंग्रजीत सांगितलं की उशीवर केस आहेत, एक नाही, अनेक, आणि ते दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत. चादरीला पिवळा डाग आहे, तो चहाचा नाही, चहाच्या डागाला काठ असतो. टॉवेलने कुणीतरी बूट पुसलेत आणि मग तो तोंड पुसायला घडी करून ठेवलाय. तुम्ही मला दुसऱ्याच्या घाणीत झोपायला सांगताय, ती म्हणाली. व्याकरण इकडचं तिकडे झालं असेल, पण परीक्षकाने रुमाल खाली ठेवला आणि तो पुढे वाकून ऐकायला लागला. कोपऱ्यात बाईंचं तोंड उघडं पडलं. घडीच्या कानशिलांना ऊब आली. आपल्या तोंडात ही भाषा अशी पण बसते, हे तिला त्या मिनिटाला कळलं.

मग ती थांबली, कारण आता ‘ब’ने, म्हणजे हॉटेलच्या मॅनेजरने बोलायचं होतं.

सरकार तिच्याकडे बघत राहिला. दोन वर्षांत त्याने सूप परत पाठवलं होतं, चपला नाकारल्या होत्या, खोल्या बदलून घेतल्या होत्या. माफी मात्र एकदाही मागितली नव्हती. ती वाक्यं त्याने ऐकली होती हजार वेळा, पण ती पंख्याचा आवाज ऐकावा तशी. परीक्षकाने पेन उचललं. तेवढ्यात घडीची मान हळूच झुकली, हात पोटाशी आले, आणि तिच्या तोंडून धडाधड बाहेर पडलं, "आय ॲम व्हेरी सॉरी, सर. आत्ता लगेच बदलते सर. आमची चूक झाली, रागावू नका सर."

"ओके," सरकार खुर्चीत मागे रेलून म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. "बट क्विक."

परीक्षकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुमच्यात पाहुणा कोण आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

सरकारने स्वतःकडे बोट केलं. घडीनेही सरकारकडेच बोट केलं.

परीक्षकाने चिठ्ठ्या पुन्हा उघडून बघितल्या. मग तो एवढ्या जोराने शिंकला की वाडग्यातल्या चिठ्ठ्या उडाल्या. "पुन्हा," तो म्हणाला. "पहिल्या फेरीचे मी कुणालाच गुण देत नाही. तू," घडीला, "खुर्चीत बस. तू," सरकारला, "उभा राहा. तीन मिनिटं. आणि कुणी दुसऱ्याचं बोलायचं नाही. बोललं तर नापास."

घडी बसली. ती खुर्ची सरकारच्या अंगाने गरम झाली होती, आणि ती ऊब तिच्या कपड्यांतून आत आली तशी तिच्या अंगावर काटा आला. खालून बघितलं की उभा माणूस कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. त्याचे हात लोंबत होते. त्याला हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

तिने पुन्हा तक्रार केली, या वेळी थोडक्यात आणि गार आवाजात. मग ती थांबली.

त्याने तोंड उघडलं, मिटलं. एक मिनिट गेलं. शर्टाच्या काखेत ओल दिसायला लागली, ती पसरत बरगडीपर्यंत आली. त्याला हवी होती ती वाक्यं घडीच्या जिभेच्या टोकावर होती, सगळीच्या सगळी, एक्केचाळीस. त्यातलं एक जरी हळू आवाजात पुटपुटलं असतं, तरी त्याने ते उचललं असतं. परीक्षक नाक पुसत होता, त्याला कळलंही नसतं कदाचित. सरकारने तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, गयावया होती. कॅन्टीनच्या काउंटरवरून चहा आणताना आपणही असेच दिसत असू का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने दात घट्ट आवळले. प्रयोगशाळा आठवली. गटार आठवलं. त्याचं काय बिघडणार आहे, तिने स्वतःला सांगितलं, बापाचं दुकान आहे, पुढच्या खेपेला बसेल.

दोन मिनिटं. कोपऱ्यातून बाईंचा हुंदका का उसासा असा काहीतरी आवाज आला.

"पाहुण्याला काही म्हणायचंय?" परीक्षकाने इंग्रजीत विचारलं.

"नो," घडी म्हणाली. ती खुर्चीत थोडी मागे सरकली. "आय ॲम वेटिंग."

तिची मान झुकलेली नव्हती, हात गुंतलेले नव्हते. उलट तिची एक भुवई वर गेली होती, आणि ती कुणाची भुवई आहे हे तिला लगेच कळलं. तरी तिने ती खाली आणली नाही. कारण खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. समोर एक माणूस घामाने निथळतोय, आणि आपल्याला काही करायचं नाही, नुसतं बसायचंय. हे असं असतं होय, तिला वाटलं. टॉवेलने बूट पुसताना असंच वाटत असेल.

तीन मिनिटं झाली. तिला अडुसष्ट गुण मिळाले, त्याला एकतीस.

बोळात सरकार भिंतीला टेकून उभा होता. रडला असावा, नाक लाल झालं होतं. "एक वाक्य सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं तुझं?" तो म्हणाला. सरावाची कल्पना काढल्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी पुस्तिकेबाहेरचं काहीतरी बोलला होता. घडीकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक उत्तर, कॅन्टीनच्या पहिल्या कपापासूनचं. पण ते बाहेर पडेना. सॉरीही बाहेर पडेना. ती त्याच्या ओल्या शर्टाकडे बघत राहिली, आणि तिला त्याची किळस आली नाही. स्वतःची आली. ती जिना उतरली.

लॉन्ड्रीत त्या दिवशी मावशीची आणि चौघींची दुपारची पाळी होती. घडी दारातून आत आली तशी मावशीने हातातली चादर तशीच टाकली. "बोल!"

"पास."

चौघी बायका ओरडल्या. कुणीतरी ड्रम बंद केला. "आणि तुझा तो सरकार?" मावशीने विचारलं.

"नापास."

"अगंबाई! कसा काय? सांग ना नीट!"

मग घडीने सांगितलं. ती खुर्चीत कशी बसली, तो कसा उभा राहिला, तिने एक अक्षरही कसं काढलं नाही. बायकांना ते पुरेना. "घाम आला होता का त्याला?" एकीने विचारलं. आला होता. "किती?" काखेपासून बरगडीपर्यंत. "आणि तू नुसती बसलीस?" नुसती बसले. त्या टाळ्या पिटत होत्या, पुन्हा सांग म्हणत होत्या. घडीने तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी सरकार जवळजवळ तिच्या पाया पडला. तिने ते खोटं घातलं तेव्हा सगळ्यांत मोठा हशा झाला. आणि ती थांबली नाही, कारण सगळ्या इतक्या खूश होत्या.

मावशी हसत नव्हती. तिने एकेक करत दोन्ही हातमोजे काढले, ओले तळवे पदराला पुसले, आणि घडीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"झालीस बाई एकदाची," ती म्हणाली. "झालीस तू त्यांच्यातली."